नाझारिओचा शब्द

३ जून

नाझारिओ,

प्रिय लिहिलेलं नाही, ते नजरचुकीनं नव्हे. तुझा प्वेब्लो शहरातला पत्ता प्रुदेन्सिया आत्यानं दिला. फोन नंबर मात्र दिला नाही. "फोनवर तुम्ही दोघं तोंड उघडताच भांडाल, पत्रात निदान पानभर तरी दम निघेल," म्हणाली. डोंगरावरचा टॉवरही जळाला आहे, त्यामुळे गावात सध्या फोन म्हणजे नुसता डबा. टपालाची खिडकी तेवढी चालू आहे आणि त्या खिडकीत अजून आत्याच बसते. तेव्हा हे पत्र बंद करण्याआधी ती वाचणारच. वाच, आत्या.

आधी सगळ्यांचं सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. माणसं सगळी सुखरूप आहेत. आत्या आहे, तिच्या कोंबड्या नाहीत. चर्च आहे. माझं घर, सफरचंदाची बाग आहे. तुझं कुरण आहे, हिरवंगार, आणि त्याच्या कडेचा बाबांचा दगडी बांधही आहे. कुरणाच्या वर जे काही होतं ते मात्र नाही. आग खाली रस्त्याच्या शेवटच्या वळणापर्यंत आली आणि तिथे वारा फिरला. म्हातारे डॉन बेलार्मिनो म्हणतात शेतकऱ्यांच्या सान इसिद्रोची कृपा. तोरिबिओ म्हणतो त्याच्या पाण्याच्या टँकरची कृपा. दोघांचं त्यावरून अजून चालू आहे.

काल मी रस्ता सपाट करायचा ग्रेडर घेऊन वर गेले. जळलेल्या जंगलातला रस्ता पावसाआधी नीट करायचं काम मला मिळालं आहे. नाझारिओ, तो डोंगर मी जन्मापासून पाहते आहे, पण मला काल त्याचा आकार पहिल्यांदा दिसला. झाडांनी इतकी वर्षं झाकून ठेवला होता. एकेक कडा, एकेक घळ उघडी. काळ्या खांबांसारखे पाइन उभे आहेत आणि पाखराचा आवाज नाही. दगड तापून फुटलेत, त्यांच्या चपट्या कपच्या पायाखाली काचेसारख्या वाजतात. मी इंजिन बंद केलं आणि किती तरी वेळ नुसती बसून राहिले. भीती वाटली म्हणू की भक्ती, मला सांगता येणार नाही.

तुला वाटेल, झाडंच उरली नाहीत तर रस्ता कशाला जपायचा. मीही तेच विचारलं. माझ्याबरोबर पाण्याच्या अभ्यासाची एक बाई दिली आहे, मॅरिट नावाची, मिनेसोटाची. उंच, लांब पायांची, डब्यातले बीन्स थंडच खाते. आम्ही तिला बगळी म्हणतो. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही.  तिनं राख बाजूला सारली आणि बाटलीतलं पाणी खालच्या मातीवर ओतलं. पाणी मुरेना! तेल लावलेल्या तव्यावर ओतावं तसे थेंब गोळा होऊन उतारानं पळाले. खालची माती बोटानं उकरली तर कोरडी ठणठणीत. पानांमधलं मेण जळताना मातीत उतरतं आणि तिथे थिजतं, असं ती म्हणाली. आता हा आख्खा डोंगर म्हणजे पत्र्याचं छप्पर. पडेल तो थेंब खाली येणार, त्याला वाटेत पहिला सापडणार तो रस्ता, आणि रस्ता त्याला थेट पाटाच्या तोंडाशी आणून सोडणार. तिथून चर्च आणि घरं किती लांब आहेत ते तुला सांगायला नको.

आता तुझ्याशी संबंध असलेली गोष्ट. शेवटच्या वळणावर घळीचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून जातं आणि बाबांच्या बांधाच्या कडेकडेनं, तुझ्या कुरणाला वळसा घालून नदीला मिळतं. बगळीचं म्हणणं, मोरी काढून टाका, तिथे रस्ता खाली उतरवून दगडी फरशी करा, आणि बांध फोडा. म्हणजे जे येईल ते रस्ता ओलांडून कुरणावर पसरेल आणि थंडावेल.

मी तिला म्हटलं, "बाई, तो बांध आमच्या बापानं घातलाय. आणि कुरण माझं नाही, माझ्या भावाचं आहे. तो जिवंत आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही."

"मग विचारा त्याला," ती म्हणाली.

विचारते आहे. माझं मत विचारशील तर मी विरुद्ध आहे.

आणि हे पत्र कामाचं आहे. सहा वर्षांपूर्वी, त्या दुष्काळात, तू पाटकरी असताना भर सभेत मला खोटारडी म्हणालास. पाणी चोरायला माझ्या बागेचं पाटाचं दारं मी रात्री उघडलं नव्हतं, फळी कुजून फुटली होती. ती फळी पुढे सगळ्यांनी पाहिली, तूही पाहिलीस, आणि माफीचा एक शब्द न बोलता गाव सोडून गेलास. ते मी विसरलेले नाही. ते तसंच राहू दे.

ओर्लिंडा


२४ जून, सान हुआनचा दिवस

नाझारिओ,

तुझं कार्ड आलं. मोजून दोन वाक्यं. "बांधाला हात लावू नका. पाणी न्यायचं असतं, टाकायचं नसतं." दुसरं वाक्य बाबांचं आहे, आणि तू ते त्यांच्याच अक्षरात लिहिल्यासारखं लिहिलंस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. आत्यानं त्यासाठी मेणबत्ती लावली.

आज पहाटे बायका या सणाला नेहमीसारख्या नदीवर तोंड धुवायला गेल्या. पाणी राखाडी होतं, तरी गेल्या. आत्या म्हणाली, "सान हुआनचं पाणी काळं असलं तरी सान हुआनचंच." दिवसभर आम्ही सगळ्या गालांवर राखेचे ओघळ घेऊन हिंडलो.

कामाचं सांगते. वरच्या भागात बगळीच्या म्हणण्याप्रमाणे केलं. रस्त्याला दरीच्या अंगानं किंचित कल दिला, आणि ठरावीक अंतरावर रस्त्यातच आडवे, रुंद खोलगे काढले. गाडी त्यातून डुलत जाते, पाणी मात्र तिथे रस्ता सोडून उतारावर निघून जातं. जिथे उतरतं तिथे जळके ओंडके आडवे पाडून ठेवलेत. "पाणी गोळा होऊ द्यायचं नाही," हा तिचा मंत्र. "थोडं आहे तोवर सोडून द्यायचं. दहा माणसं एकेकटी असली तर समजूत घालता येते, जमाव झाला की नाही."

वरच्या भागात ठीक आहे. पण खालच्या टप्प्यात, वळणाच्या वर, मी माझं डोकं चालवलं. आपण पाटाची माणसं आहोत. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी काठीला बांधलेल्या दोऱ्यानं उतार मोजून पाणी डोंगराच्या कुशीतून गावात आणलं. हिला काय कळणार? मी डोंगराच्या बाजूनं एक लांब चर काढली, एकसारखा, मऊ उतार, कुठे धक्का नाही, कुठे डबकं नाही. सगळं पाणी गोळा करून सभ्यपणे मोरीपर्यंत आणायचं, मोरीतून बांधाच्या कडेनं नदीत. डॉन बेलार्मिनो स्वतः बघायला आले. ते आता पाटकरी आहेत, तुझ्यानंतर दुसरं कोणी तयार होईना. काठी टेकत चरीच्या कडेनं टोकापर्यंत चालले आणि म्हणाले, "पोरी, तुझा बाप बघायला हवा होता." मला रडूच आलं.

बगळी चरीकडे बघत उभी राहिली. "सुंदर आहे," म्हणाली. "पण ओर्लिंडा, ही नदी आहे. तुम्ही नदी बांधली आहे." मी म्हटलं, आमच्याकडे तिला पाट म्हणतात. तिनं वहीत काही लिहिलं नाही, नुसता सुस्कारा सोडला. तिला या टप्प्यात पुन्हा खोलगे हवे आहेत. ती वरिष्ठांशी बोलणार आहे. बोलू दे.

एक विलक्षण गोष्ट पाहिली. ग्रेडरचं मागचं चाक अचानक खचलं. उतरून पाहिलं तर जमिनीत भोक, हात घातला तर आत ऊब. पाइनचं मूळ जमिनीखाली धुमसत जळून गेलं होतं आणि त्याच्या जागी मुळाच्याच आकाराचा बोगदा उरला होता. लहान मुळांची लहान भुयारं, त्यांना फुटलेली आणखी लहान. आख्खं झाड जमिनीखाली पोकळ होऊन उभं होतं. मी त्या भोकाशी गुडघे टेकून बसले. बगळीही शेजारी बसली. 

ओर्लिंडा


८ जुलै

नाझारिओ,

तू चुकलास. मीही चुकले. बाबा चुकले नव्हते, पण बाबांच्या वेळी डोंगर जळला नव्हता.

परवा दुपारी पाऊस झाला. पाऊस तरी कसला, अंगणातलं वाळवण उचलावं की नाही अशा विचारात पाडणारा. मी मोरीपाशी उभी होते, माझी चर कशी वाहते ते बघायला. हो, मिरवायलाच, तोरिबिओलाही मुद्दाम बोलावलं होतं.

आधी चरीतून काळी, जाड धार आली, मक्याच्या पिठाचं आटोल ढवळताना येते तशी. छान वळणं घेत आली. मी तोरिबिओकडे बघून भुवई उडवली. मग धार वाढली. मी केलेला तो मऊ, एकसारखा उतार! कुठे थांबायला जागा नाही, कुठे सांडायला जागा नाही. वरच्या साऱ्या उताराचं पाणी मी एका ओळीत उभं करून दिलं होतं. त्यानं चरीचा तळ खायला सुरुवात केली. माझ्या डोळ्यांदेखत चर गुडघ्याएवढी झाली, कमरेएवढी झाली. आतून दगड गडगडल्याचा आवाज येत होता, जमिनीच्या पोटात कुणी पिंपं लोटतंय असा. मग एक जळका ओंडका आला, मोरीच्या तोंडात आडवा बसला, आणि त्याच्यामागे काट्याकुट्या, गोटे, राख. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच मोरी बंद.

पाणी क्षणभर थबकलं. मी शपथेवर सांगते, त्यानं मान वळवून पाहिलं. मग रस्ता धरला.

"पळ गं बाई!" तोरिबिओ ओरडला आणि त्यानं मला दंडाला धरून ओढलं. रस्त्याचा मधला भाग खरवडत ते थेट पाटाच्या तोंडाशी गेलं. लाकडी दारं चिखलात गाडलं गेलं. पाटाचा पहिला टप्पा काठोकाठ भरला, पाण्यानं नव्हे, राखेनं. चर्चच्या पायऱ्यांपर्यंत काळा ओघळ आला आणि तिथे दमून थांबला. एवढ्याशा पावसानं! बगळी म्हणते खरा पाऊस अजून महिन्याच्या अखेरीला आहे.

मला वाटलं ती "सांगितलं होतं ना" म्हणेल.  ती फावडं घेऊन पाटात उतरली आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर राख उपसली. आत्यानं तिला हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला. तो तिनं घामाघूम होऊन, नाक पुसत, दोनदा मागून खाल्ला. आता ती गावाची झाली.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तिनं मला कुरणाच्या कडेला नेलं. मोरी बंद होण्याआधी गेलेल्या पाण्यानं तिथे काठ कापला आहे, माणूसभर उंच, सुरीनं कापावा तसा. "बघा," म्हणाली. मी बघितलं. वर गवत आणि काळी माती. खाली वाळूचा थर. त्याखाली कोळशाची बारीक काळी रेघ. पुन्हा गोटे, पुन्हा गाळ, पुन्हा काळी रेघ. अशा किती तरी, अगदी तळापर्यंत. तिनं एका रेघेतून कोळशाचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "हा पाइन येशूच्या जन्माआधी जळला असेल," म्हणाली.

नाझारिओ, आपण समजत होतो ते कुरण देवानं सपाट करून दिलं आणि बाबांनी जपलं. ते आगीनं केलंय. डोंगर जळला, पूर आला, इथे येऊन पसरला, थंडावला, गवत उगवलं. पुन्हा जळला. पूर तिथेच येऊन झोपत आले आहेत. ती त्यांची जागा आहे. बाबांचा बांध त्या काठापुढे कालचा वाटतो.  ज्या जमिनीवर आपण लहानपणी उन्हात लोळलो, तिच्या आत हे सगळं होतं.

म्हणून विचारते, आणि या वेळी माझं मत तुझ्याविरुद्ध आहे. बांध फोडू दे. तुझं कुरण जाईल, हे मी लपवत नाही. गवत गाडलं जाईल, दगडधोंडे येतील, गवताचं पीक किती वर्षं येणार नाही ते बगळीही सांगत नाही. पण नाही फोडला तर पाटाचं तोंड जाईल, आणि ते गेलं की गाव किती दिवस गाव राहील हे पाटकऱ्याला मी काय सांगायचं?

लवकर लिही. एक शब्द पुरे.

ओर्लिंडा


१९ जुलै

नाझारिओ,

शब्द नाही आला. मी रोज टपालाच्या खिडकीशी जाते. आत्या मला लांबूनच बघून मान हलवते.

बाकी सगळं झालंय. चर बुजवली, माझ्याच हातानं. पूर्ण टप्प्यात खोलगे केले. मोरी उपसून बाहेर काढली, ती रस्त्याकडेला मेलेल्या गाईसारखी पडली आहे. वळणावर रस्ता खाली उतरवला आणि मोठाले दगड बसवून रुंद फरशी केली. आता घळीतून काहीही आलं तर ते रस्त्यावर वळणार नाही, सरळ ओलांडेल. आणि ओलांडून बांधावर आदळेल. बांधाच्या कडेची पाण्याची ती अरुंद वाट दोन ओंडक्यांत भरेल आणि सगळं पुन्हा खाली पाटाच्या तोंडाकडे. सगळं काम करून दार बंद ठेवल्यासारखं झालंय.

काल सभा झाली. मी उभी राहून म्हटलं, गाव वाचवायचं असेल तर बांध फोडू या, नाझारिओची वाट बघत बसलो तर उशीर होईल.

 डॉन बेलार्मिनो काठी टेकत उठले आणि म्हणाले, "ओर्लिंडा, तुझं पाणी कोणी तुला न विचारता घेतलं तर तुला चालेल?"

"हे पाणी घेणं नाही, डॉन बेलार्मिनो. हा चिखल देणं आहे."

"दुसऱ्याच्या रानात त्याच्या शब्दाशिवाय दारं फोडायचं नाही. एवढ्या एका गोष्टीवर हा पाट टिकलाय. दुष्काळात टिकला तो त्यामुळेच. आज आपल्या गरजेपोटी मोडलं, तर उद्या ज्याची गरज मोठी तो मोडेल."

तोरिबिओ मागून म्हणाला, "नाझारिओ कशाला शब्द देतोय? बहिणीला न केलेल्या चोरीवरून खोटारडी ठरवली आणि तोंड लपवून पळाला. तो तिकडे गरम पाण्यानं अंघोळ करतोय, त्याला काय पडलंय."

मी त्याला म्हटलं, माझ्या भावाला शिव्या द्यायचा हक्क माझा आहे, तुझा नाही. सगळे हसले. पण ठराव झाला नाही. बगळीच्या ऑफिसला सही लागते आणि गावाला शब्द लागतो, आणि दोन्ही तुझ्याकडे आहेत.

मला राग आला होता, पण घरी येताना वाटलं, म्हातारा बरोबर बोलला. स्वतःचं घर वाहून जाईल हे कळत असतानाही ही माणसं तुझ्या शब्दासाठी थांबली आहेत. तू तर त्यांच्याकडे पाठ फिरवून गेलास. मला त्यांच्याबद्दल काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत. त्यांना सोडून जावंसं तुला कसं वाटलं?

ओर्लिंडा


२७ जुलै, सान्ता आनाच्या दुसऱ्या दिवशी

प्रिय नाझारिओ,

शांतपणे वाच. शेवटपर्यंत वाच.

सान्तियागोच्या दिवशी, परवा, दुपारी डोंगरावर ढग बसला. तुला ते ढग माहीत आहेत, पण हा तसा नव्हता. खालून जांभळा, वरून फुलकोबीसारखा पांढरा, आणि जागचा हलेना. सणाची मिरवणूक निघायची होती. ती सोडून सारं गाव शेवटच्या वळणावर जमलं. कोणी बोलावलं नव्हतं. मी पोकलेन घेऊन बांधापाशी उभी होते, इंजिन चालू, हात मांडीवर.

बगळीच्या रेडिओवर वरच्या पर्जन्यमापकाचा आकडा आला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "इतका कधीच पाहिला नाही," एवढंच म्हणाली.

डॉन बेलार्मिनो माझ्या मशीनजवळ आले. टोपी काढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पोरी, नाझारिओचा शब्द आला का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मागे सगळी होती, सणाचे कपडे घालून, काही बायकांच्या कडेवर पोरं. वर आभाळ गडगडत होतं. मी म्हटलं, "आला. काल पत्र आलं. फोडा म्हणतो."

 मग कोणाची तरी नजर आत्याकडे गेली, कारण गावातलं प्रत्येक पत्र तिच्या हातून जातं. मला वाटलं, संपलं. आत्यानं शाल सावरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मीच दिलं तिच्या हातात." आणि लगेच छातीवर क्रूस काढला.

पत्र दाखव असं कोणी म्हणालं नाही. बगळीनंही नाही. तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मग पाठ करून रेडिओशी खटपट करू लागली. डॉन बेलार्मिनोंनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "शेवटी कोणाचा मुलगा आहे," म्हणाले. "फोड."

मी फोडला. बाबांचे दगड एकेक करून उचलले.  मधोमध चांगली ऐसपैस वाट केली आणि मशीन मागे घेतलं, तेवढ्यात वास आला. ओल्या राखेचा, जळक्या राळेचा, नाकात झोंबणारा. मग पायाखालची जमीन हलायला लागली.

ते पाणी नव्हतं, नाझारिओ. घळीतून एक काळी भिंत आली, तिच्या कपाळावर आख्खे पाइन उभे, मुळांसकट. तोरिबिओच्या टँकरएवढा धोंडा त्यात गोटीसारखा हेलकावत होता. आवाज इतका होता की तो कानांनी ऐकूच येत नव्हता, छातीत वाजत होता. मी पळाले नाही, म्हणून शूर समजू नकोस. पाय उचलतच नव्हते. ती भिंत फरशीवर आली आणि रस्त्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ ओलांडून फोडलेल्या वाटेनं तुझ्या कुरणात शिरली.

आणि शिरताच पसरली. आधी पंखा उघडावा तशी, मग नुसती रुंद. धोंडा थोडं अंतर गेला आणि थांबला. ओंडके एकमेकांना टेकून आडवे झाले. आवाज उतरत गेला. त्यामागून येणारं सगळं, अंधार पडेपर्यंत येत राहिलं ते सगळं, त्याच्यावर येऊन निजलं. नदीकडच्या टोकाला कुरणातून जे बाहेर पडत होतं ते गढूळ असेल, पण पाणी होतं. पाटाचं दारं उभं होतं. वरचे खोलगेही एक सोडून सगळे शाबूत निघाले.

पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. बगळी रडत होती. डॉन बेलार्मिनो म्हणाले, "इतकी वर्षं आपण पाण्याला कुठे जायचं ते सांगत आलो. आज त्यानं एकदा आपल्याला सांगितलं." आणि मग सगळ्यांनी, विनोद ऐक, तुझं नाव घेतलं. काल सान्ता आनाच्या प्रार्थनेत पाद्रीबाबांनी घेतलं. बायकांनी भट्टी पेटवून तुझ्या नावाचे पाव भाजले. तोरिबिओ सांगत हिंडतोय की नाझारिओ मनाचा राजा आहे हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. "बापाचं कुरण दिलं," म्हणतात, "एका शब्दात दिलं." पाटाचं पाणी सोडताना पहिलं फावडं तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय, तू आल्यावर दारं तूच उघडायचंस म्हणून. तोवर पाट कोरडा आहे, आणि माझी सफरचंदं सुकताहेत.

कुरणाचं खरं सांगते. कमरेइतका काळा गाळ आहे, मध्ये तो धोंडा, सगळीकडे ओंडके. बाबांचा बांध कुठून कुठे होता ते मलाही आता दाखवता येणार नाही. बगळी म्हणते ही माती पुढे सोन्यासारखी होईल. किती पुढे, ते मी विचारलं तेव्हा ती बूट बघायला लागली. मी तुझं फार मोठं नुकसान केलंय आणि ते भरून देणं माझ्या हयातीत होणार नाही.

तू भर सभेत मला खोटारडी म्हणालास तेव्हा मी नव्हते. आता आहे. पाण्याच्या बाबतीत, साऱ्या गावापुढे, सणाच्या दिवशी, तुझ्या नावानं खोटं बोलले. तू नाही म्हणाला असतास का, मला माहीत नाही. मला वाटतं तू हो म्हणाला असतास आणि पत्र पोस्टात टाकायला तुला लाज वाटली असती. पण मला असं वाटणं म्हणजे काही तुझा शब्द नव्हे. म्हणून मी कोणाला खरं सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही हे मी ठरवायचं नाही.

येत्या रविवारी सभा आहे. तू येणार असं धरून डॉन बेलार्मिनो तुझे आभार मानायला तुला सगळ्यांसमोर उभं करणार आहेत. तिथे उभा राहा आणि जे खरं आहे ते म्हण. मला खोटारडी म्हण, मी मान खाली घालणार नाही, कारण या वेळी ते खरं आहे. किंवा म्हण, हो, मीच शब्द दिला होता. मग आपण तिघं खोटारडे, आत्या धरून.

यातलं काहीही म्हण. पण इथे येऊन म्हण, नाझारिओ. कार्ड पाठवू नकोस.

ओर्लिंडा